कुळाचें बीज आणि गांठीचें पसरणें

धर्मापुरीहून एका भगिनींचें सविस्तर पत्र आलें आहे. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंस वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं स्तनांत गांठ लागली. परंतु घरांत पुतणीचें लग्न ठरलेलें, म्हणून सात महिने त्यांनीं ती गोष्ट कोणाच्या कानांवर घातली नाहीं. पुढें शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्षानें रोग हाडांत उतरला. आतां घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं, शस्त्र लागलें म्हणूनच तो पसरला. शेजारीं बोललें जातें कीं, त्यांच्या माहेरचें कूळच तसें. आणि त्यांच्या कन्येस आलेलें एक बरें स्थळ ‘मुलीच्या आईस कॅन्सर आहे’ एवढ्याच कारणानें परत फिरलें. भगिनी तीन गोष्टी विचारतात: हा रोग कुळाचा कीं नव्हे? एकदां कापून काढलेला रोग हाडांत गेला कसा? आणि त्या मुलीनें काय करावें? प्रश्न एका घरचे असले, तरी उत्तर पुष्कळ घरांच्या उपयोगी पडण्यासारखें आहे. म्हणून या महिन्याचें सदर त्यांसच दिलें आहे.

सारा घोटाळा एका वाक्यांत आहे. डॉक्टर म्हणतात, ‘हा रोग जनुकांच्या बिघाडानें होतो’. आणि घरचीं माणसें ऐकतात, ‘हा रोग कुळांतून आला.’ हीं दोन विधानें एक नव्हेत. पहिलें प्रत्येक रुग्णाच्या बाबतींत खरें आहे. दुसरें फार थोड्यांच्या बाबतींत.

जनुकें म्हणजे शरीर घडविण्याच्या व चालविण्याच्या आज्ञा. तीं प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांवर मांडलेलीं असतात, आणि प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून आलेलें असतें. घरांतील जुनी पोथी डोळ्यांपुढें आणावी. मूळ पोथींतच एखादा श्लोक चुकीचा उतरला असेल, तर तिच्यावरून केलेल्या प्रत्येक नकलेंत ती चूक येणार. परंतु मूळ पोथी शुद्ध असूनही नक्कल करणाऱ्याच्या हातून एखाद्या प्रतींत हस्तदोष होऊं शकतो. तो त्या प्रतीपुरता आणि तिच्यावरून पुढें निघणाऱ्या प्रतींपुरताच असतो. पेशी दुभंगून दोन होतात तेव्हां अशीच नक्कल होते. आयुष्यभरांत अशा असंख्य नकला होतात, बहुतेक चुका शरीर आपली आपण दुरुस्त करतें, आणि ज्या राहतात त्यांतल्या कांहीं एकत्र जमल्या म्हणजे पेशी आवर न जुमानतां वाढूं लागते. स्तनाचा कर्करोग बहुधा या दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे नकलेंतील चुकीचा असतो. मूळ पोथींतील दोषामुळें झालेले रोगी शेंकडा पांच ते दहांच्या घरांत भरतात.

हा मूळचा दोष बहुतकरून कोठें असतो, हें विसाव्या शतकाच्या अखेरीस कळलें. फ्रान्समधील प्रसिद्ध शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनीं १८६६ सालींच आपल्या पत्नीच्या कुळांतील चार पिढ्यांची हकीकत लिहून स्तनाचा कर्करोग कांहीं घराण्यांत पुन्हां पुन्हां दिसतो हें दाखविलें होतें. परंतु त्याचा ठावठिकाणा लागावयास १९९० साल उजाडलें. अमेरिकेंतील मेरी-क्लेअर किंग या विदुषींनीं अशा अनेक घराण्यांची छाननी करून दोष सतराव्या गुणसूत्रावर असल्याचें सिद्ध केलें. १९९४ सालीं तें जनुक हातीं आलें, त्यास बीआरसीए-१ म्हणतात. पुढच्याच वर्षीं तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ सांपडलें. दोहोंचें काम एकच: नकलेंतील चुका दुरुस्त करणें. म्हणजे ज्या घराण्यांत हा दोष आहे तेथें जन्मतः कर्करोग येत नाहीं. चुका तपासणारा कारकून तेवढा ढिला असतो. तथापि परिणाम हलका नाहीं. अशा दोषासह जन्मलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें सत्तरांस ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, आणि बीजकोशाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो.

येथें आपल्या घराण्यांनीं एक गोष्ट मनांत ठसवून घ्यावी. पुष्कळ घरीं छापील कुलवृत्तान्त असतो. त्यांत मूळ पुरुषापासून आजच्या नातवापर्यंत पुरुषांची माळ अखंड असते. लेक मात्र ‘अमक्यांचे घरीं दिली’ एवढ्या नोंदीवर संपते, आणि सुनेचें माहेर एका ओळींत. वैद्याला हवी असलेली वंशावळ याच्या नेमकी उलट आहे. त्याला आजी, पणजी, आत्या, मावशी, मामेबहीण, चुलतबहीण यांची हकीकत हवी: कोणास कोणत्या वयांत काय झालें, कोण कशानें गेली. वास्तविक आपल्या धर्मशास्त्रानें सापिंड्य मोजतांना पित्याकडील सात व मातेकडील पांच पिढ्या धरल्या, दोन्ही बाजू सोडल्या नाहींत. बीआरसीएचा दोषही दोहोंकडून सारखाच येतो. तो बापाकडून मुलीस येऊं शकतो, आणि बाप स्वतः बहुधा निरोगी असतो. म्हणून ‘माहेरचें कूळ’ असा बोल ज्या सुनेस लावला जातो, तिच्या मुलीचा दोष सासरच्या आत्याबाईकडूनही आलेला असणें तितकेंच शक्य आहे. आणि दोष असला तरी प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

या विषयाच्या इतिहासांत एका पुणेकर कन्येचें नांव आहे, तें आपल्या घरांतून पुरेसें घेतलें जात नाहीं. कमल समर्थ यांचा जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्राचे प्राध्यापक; शिक्षण हुजूरपागेंत व पुढें फर्ग्युसनमध्यें. कन्येनें वैद्यक शिकावें व डॉक्टराशींच विवाह करावा अशी वडिलांची इच्छा होती. कन्येनें जीवशास्त्र निवडलें आणि रणदिवे यांच्या घरीं गेली. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें होतें, तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं काम करून कमलाबाईंनीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेंत पेशी नळींत वाढविण्याची विद्या शिकून परतल्यावर त्यांनीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशीं संबंध आहे, ही गोष्ट ज्या थोड्या संशोधकांनीं प्रथम मांडली त्यांत त्यांची गणना होते. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यांतील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामीं लागल्या.

कमलाबाईंच्या पिढीस उंदरांवरील प्रयोगांनीं जो धडा मिळाला तो आजही घ्यावा असा आहे. कांहीं वाणांच्या उंदरांत हा रोग आईकडून लेकीकडे जाई; सर्वांस वाटे कीं हें बीजांतून येतें. १९३६ सालीं अमेरिकेंत जॉन बिटनर यांनीं रोगी वाणाचीं पिलें जन्मतांच निरोगी माद्यांच्या अंगावर पाजलीं, तों रोग फारच विरळ झाला. दुधांतून एक विषाणु येत होता. मनुष्यांत असा कोणताही विषाणु दुधांतून येत नाहीं. उलट मुलांस अंगावर पाजल्यानें आईचा धोका कमी होतो, हें येथेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु घराण्यांत दिसलें म्हणजे तें बीजांतूनच आलें, असा निष्कर्ष घाईनें काढूं नये, हें त्या पिलांनीं शिकविलें. आपल्याकडील पुरावाही तोच आहे. धर्मापुरीपासून फार दूर नसलेल्या बार्शीस १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवली जात आहे. त्या नोंदींत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण मुंबईच्या मानानें बरेंच कमी दिसतें. मुंबईंत राहणाऱ्या कितीएक जणी अशाच गांवांच्या लेकीसुना, बीज तेंच. मग फरक पडतो तो पहिलें मूल उशिरां होणें, मुलें थोडीं, पाजणें कमी, वजन अधिक व अंगमेहनत थोडी, अशा राहणीनें.

आतां दुसरा प्रश्न, पसरण्याचा. गांठ स्तनांतच राहती तर या रोगानें क्वचितच कोणी मरतें. मरण येतें तें ती हाडांत, फुप्फुसांत, यकृतांत किंवा मेंदूंत गेल्यामुळें. लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ सालीं या रोगानें गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांस दिसलें कीं रोग वाटेल तेथें जात नाहीं. ठराविक अवयव निवडतो. बीं वाऱ्यानें सर्वत्र उडतें, परंतु मानवेल त्या जमिनींतच रुजतें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. आजही हा सिद्धान्त मोडलेला नाहीं.

यांत जनुकांचें काम कोणतें? प्रथम पेशीस आपल्या जागेवरून सुटावें लागतें. शेजारच्या पेशीस धरून ठेवणारा जो चिकटा असतो तो बनविणारें जनुक बंद पडतें. मग भोंवतालचा पडदा विरघळवून ती रक्तांत वा लसिकेंत शिरते. तेथें बहुतेक पेशी मरतात. जी तगते ती दूरच्या अवयवांत थांबते, कधीं वर्षानुवर्षें निद्रिस्त राहते आणि मग वाढूं लागते. आश्चर्य हें कीं, या प्रवासासाठीं पेशी नवें कांहीं शिकत नाहीं. मूल गर्भांत घडतांना पेशींना एका जागेहून दुसरीकडे जावें लागतें. त्या वेळचीं जनुकें जन्मानंतर मिटून ठेवलेलीं असतात. गांठींतील पेशी तींच पुन्हां उघडते. १९८८ सालीं प्रथमच पसरण्यास आळा घालणारें एक जनुक सांपडलें, त्याचें नांव एनएम-२३. अशीं आणखी पुष्कळ पुढें मिळालीं. परंतु ‘हें एक बिघडलें कीं रोग पसरलाच’ असें एकही जनुक शोधून निघालेलें नाहीं. हे सारे बदल गांठींत घडतात, त्या स्त्रीच्या आयुष्यांत घडतात, आणि त्यांस वेळ लागतो. हा वेळ आपण रोगास द्यावयाचा कीं वैद्यास, एवढेंच आपल्या हातीं असतें.

कुळाचा कांहींच भाग नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. पॅजेट यांची ‘जमीन’ म्हणजे रुग्णाचें स्वतःचें शरीर, आणि तें आईबापांकडून आलेलें असतें. १९९८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं स्तनांत गांठी हमखास होतील अशा एकाच वाणाचे नर निरनिराळ्या वाणांच्या माद्यांस दिले. सर्व लेकींस बापाकडून गांठीचें तेंच जनुक आलें. परंतु फुप्फुसांत रोग किती पसरला, तें आईच्या वाणाप्रमाणें बदललें. २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतून असें प्रसिद्ध झालें कीं, रक्तांतील चरबीशीं संबंधित पीसीएसके-९ या जनुकाचा एक जन्मजात व सामान्यपणें आढळणारा प्रकार स्तनाचा कर्करोग पसरण्यास साहाय्य करतो. तो अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या स्त्रियांचा आहे. त्यावरून आपल्याकडे कोणी कांहीं चाचणी करून घ्यावी अशी स्थिति आज नाहीं. दिशा मात्र कळते: रोग होणें व रोग पसरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचीं जनुकेंही पुष्कळ अंशीं निराळीं आहेत.

मग शस्त्रामुळें पसरला, या समजुतीचें काय? ज्या पेशी दीड वर्षानें हाडांत दिसण्याइतक्या वाढल्या, त्या बहुधा शस्त्रक्रियेच्या आधींच निघालेल्या असतात. सात महिन्यांच्या मौनाकडे कोणी बोट दाखवीत नाहीं, कारण तें सर्वांचेंच होतें. शस्त्र परक्याच्या हातांत असतें, म्हणून दोष त्यास जातो. तरीही शस्त्रक्रियेच्या वेळच्या हालचालीनें कांहीं पेशी सुटत असतील काय, ही शंका शास्त्रज्ञांनीं हंसण्यावारी नेली नाहीं. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं भारतांतील ११ रुग्णालयांतून १६०० स्त्रियांवर प्रयोग केला. निम्म्या जणींच्या गांठीभोंवतीं शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं मिनिटें दांताच्या डॉक्टराकडे मिळतें तसलें बधिर करणारें साधें औषध टोंचलें. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पांच वर्षांनीं औषध न टोंचलेल्यांत शेंकडा ८६.४ व टोंचलेल्यांत ९०.१ स्त्रिया हयात होत्या. औषध अगदीं स्वस्त. शस्त्रक्रिया टाळणें हा भीतीवरचा उपाय नव्हे. ती वेळेवर व जाणत्या हातानें करणें हाच उपाय होय. तपासणीसाठीं सुईनें तुकडा काढल्यानें रोग भडकतो, हीही निराधार भीति आहे.

पसरण्याच्या जनुकांचें ज्ञान आज रुग्णाच्या प्रत्यक्ष उपयोगी पडूं लागलें आहे. शेंकडा १५ ते २० गांठींत हर-टू नांवाचें जनुक प्रमाणाबाहेर वाढलेलें असतें, व अशी गांठ लवकर पसरते, हें १९८७ सालीं दिसून आलें. १९९८ पासून तिच्यावर नेमकें औषध मिळतें, आणि पूर्वीं जी गांठ सर्वांत वाईट मानली जाई तिचें भविष्य पालटलें. कांहीं प्रकारच्या गांठींतील २१ किंवा ७० जनुकें तपासून ती दूर जाण्याचा संभव किती, हेंही वर्तवितां येतें. त्यामुळें पुष्कळ स्त्रियांचा केमोथेरपीचा त्रास वांचतो. आपण मुलामुलींच्या पत्रिका जुळवितो. ही गांठीची पत्रिका आहे, आणि ती वाचून उपाय बदलतां येतो.

आतां त्या मुलीचें. तिच्या आईस पन्नाशीच्या आंत रोग झाला आहे, म्हणून चौकशी योग्य आहे. दोन्हीकडील तीन पिढ्यांची हकीकत लिहून काढावी. जवळच्या दोन-तीन स्त्रियांस स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग, लहान वयांत झालेला रोग, दोन्ही स्तनांतील रोग, किंवा एखाद्या पुरुषास स्तनाचा कर्करोग, यांपैकीं कांहीं आढळल्यास जनुकांची तपासणी करावी. ती आधीं आईची करावी, मुलीची नव्हे. कारण आईंत दोष नेमका कोठें आहे हें कळल्यावरच मुलीच्या तपासणीस अर्थ येतो. टाटा स्मारक केंद्राकडे यासाठीं स्वतंत्र विभाग व सल्लागार आहेत. आईंत दोष न निघाल्यास तो तिच्याकडून मुलीस येण्याचा प्रश्न राहत नाहीं. निघाला व मुलींतही आढळला, तरी तो शाप नव्हे. पंचविशी-तिशीपासून दर वर्षीं नियमानें चित्रतपासणी व पुढें गरज पडल्यास प्रतिबंधक शस्त्रक्रिया, एवढा मार्ग तिला मोकळा होतो. परत फिरलेल्या वरपक्षास एकच विचारावें: आपल्या मुलाच्या आत्या, मावश्या व आज्या कशानें गेल्या, हें आपण कधीं लिहून ठेविलें आहे काय? पुरुषही हा दोष वाहतो. ज्या घरीं रोगाची हकीकत उघड सांगतात तें घर लपविणाऱ्या घरापेक्षां अधिक विश्वासाचें समजावें.

त्या जाऊबाईंविषयीं दोन शब्द. हाडांत गेलेला रोग बहुधा समूळ जात नाहीं. परंतु गोळ्या, इंजेक्शनें व किरणोपचार यांनीं कित्येक स्त्रिया वर्षेंच्या वर्षें घरांत हिंडत-फिरत राहतात. त्यांचें ताट-पेला निराळा ठेवण्याचें कारण नाहीं. हा रोग शरीरांत पसरतो, घरांत पसरत नाहीं. नातवंडांस त्यांच्या मांडीवर खुशाल बसूं द्यावें.

इतर घरांनीं काय करावें? मुंबईंत १९९८ पासून सुमारें दीड लाख स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या वस्त्यांतून शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं नुसत्या हातांनीं स्तन तपासीत. यंत्र नाहीं, चित्र नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं घटलेले दिसले, आणि रोग एकंदरीनें लवकरच्या अवस्थेंत सांपडला. म्हणजे जाणता हात व वेळ, एवढ्यानेंही पुष्कळ होतें. धर्मापुरीच्या बाजूस अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, बार्शीस कर्करोगाचें रुग्णालय आहे, आणि खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचें साहाय्य मिळतें. न दुखणारी गांठ, आंत ओढलेलें बोंड, त्यांतून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा किंवा काखेंतील गुठळी, यांपैकीं एकही दिसल्यास आठवड्याच्या आंत डॉक्टरास दाखवावें. दहांतील बहुतेक गांठी निरुपद्रवी निघतात. परंतु तें ठरविणें आपलें काम नव्हे.

मात्र अंबाजोगाई वा बार्शी कितीही जवळ असली, तरी पहिलें अंतर माजघरापासून ओसरीपर्यंतचें असतें, आणि तेंच स्त्रीस सर्वांत लांब वाटतें. लग्न, मुंज, सण, परीक्षा, सासूबाईंचें दुखणें, असें एक ना एक निमित्त असतेंच. तेव्हां प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीनें, कांहींही झालेलें नसतांना, सुनांस व लेकींस एकत्र बसवून एक वाक्य आधींच बोलून ठेवावें: ‘गांठ लागली तर मला त्याच दिवशीं सांगायचें; घरांत कार्य असलें तरी आपण दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे जाऊं.’ हें वाक्य ज्या घरांत बोललें गेलें आहे, तेथें कुळांत काय आहे याची धास्ती अर्धी कमी होते.